ठाण्यातला गलतीकरांस पत्राचा अभ्यासवर्ग : पंगत जमली, शब्द चुकला

ठाणे पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका सभागृहात गलतीकरांस पत्राचा अभ्यासवर्ग चालतो. हे बायबलच्या नव्या करारातलं, पहिल्या शतकातला प्रेषित पौल याचं पत्र. सहा शनिवार, दुपारी ४ ते ६.३०, पूर्ण मराठीतून. फी ९०० रुपये. त्यात ६४ पानांची टिपणवही आणि चहा-बिस्किटं आली. एका तुकडीत २४ जण, चौघांचं एक टेबल. विषय एकच, ख्रिस्ती मंडळी अगदी तान्ही असताना तिच्यात झालेला मोठा वाद. यहूदी नसलेल्या माणसानं येशूवर विश्वास ठेवला तर तेवढं पुरे, की त्यानं सुंता करून घेऊन मोशेचं नियमशास्त्रही पाळायला हवं?

वर्गाचं नाव इथे देत नाही. उणिवा आयोजकांना सविस्तर कळवल्या आहेत. हे लिखाण वर्गाला जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे, तसंच आपल्या मंडळीत, पॅरिशमध्ये किंवा वाचनगटात असा वर्ग भरवायचा विचार करणाऱ्यांसाठीही. मत आधीच सांगतो. फक्त तिसऱ्या सत्रासाठी नऊशे रुपये द्यावेत, इतकं ते चांगलं बांधलंय. चौथ्या सत्रात मात्र वही एका शब्दावर घसरते, आणि ती घसरण लहान नाही.

पहिल्या सत्रात चर्चा नाही, फक्त वाचन. सहा अध्याय, १४९ वचनं, एका बैठकीत मोठ्यानं. संथ वाचलं तरी अर्ध्या तासाच्या आत होतं. हे पत्र मुळात ऐकण्यासाठीच लिहिलेलं आहे. गलतियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्यांसमोर कुणीतरी उभं राहून ते वाचून दाखवलं असणार. म्हणून वाटलेल्या प्रतीत अध्यायांचे आकडे नाहीत आणि वचनांचेही नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, वचनांचे आकडे १५५१ चे. आकडे काढून टाकले की पौलाची चाल कानाला कळते. इतर बहुतेक पत्रांत तो अभिवादनानंतर देवाचे आभार मानतो. इथे आभार नाहीतच, पाच वचनांचं अभिवादन आटोपून तो थेट ‘मला आश्चर्य वाटतं’ असं सुरू करतो. शेवटाकडे लेखणी स्वतःच्या हातात घेऊन मोठ्या अक्षरांत लिहितो.

वाचनात एक चूक हमखास होते. दर अध्यायाला वाचणारा बदलतात. तिसऱ्या अध्यायाच्या मध्यापासून चौथ्याच्या सुरुवातीपर्यंत वारसाहक्काचा एकच सलग युक्तिवाद आहे. मध्येच आवाज बदलला की तो तुटतो, आणि पुढे मूळपुरुष अब्राहाम याची दासी हागार आणि बायको सारा यांचा भाग आला की ऐकणारे पुरते हरवतात. दोनच वाचक घ्यावेत आणि दुसऱ्यानं पाचव्या अध्यायापासून सूत्रं हाती घ्यावीत. वर्गात हे नीट सांभाळलं होतं.

दुसरं सत्र कालक्रमाचं. प्रत्येक टेबलावर दोन मीटर सुतळी आणि कागदाच्या चिठ्ठ्या. पौल स्वतः देतो ती मापं अशी: ख्रिस्ताच्या दर्शनानंतर ३ वर्षांनी यरुशलेमेला जाऊन केफाकडे, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे, १५ दिवस मुक्काम, मग १४ वर्षांनी बर्णबा आणि तीत या सहकाऱ्यांना घेऊन पुन्हा यरुशलेम. ही १४ वर्षं कुठून मोजायची, दर्शनापासून की पहिल्या भेटीपासून, हे तो सांगत नाही. सुतळीला गाठ कुठे मारायची यावर टेबलं अडतात, आणि अडायलाच हवीत. दुसरी अडचण याहून मोठी. नव्या करारातलंच ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचलं तर पंधराव्या अध्यायापर्यंत पौलाच्या यरुशलेमच्या खेपा निघतात तीन: नवव्या अध्यायात, अकराव्याच्या शेवटी दुष्काळाची मदत घेऊन, आणि पंधराव्यात परिषदेसाठी. मग गलतीकरांतली दुसरी भेट ही अकराव्यातली की पंधराव्यातली? दोन्ही बाजूंनी चांगले अभ्यासक आहेत. पक्का खुंटा एकच, ग्रीसमधल्या डेल्फी इथे सापडलेला शिलालेख. त्यावरून गल्लियो हा अखया या ग्रीसमधल्या रोमन प्रांताचा अधिकारी इ.स. ५१-५२ च्या सुमाराला होता हे ठरतं, आणि करिंथात पौलाला त्याच्यासमोर उभं केलं होतं. तिथून मागे मोजत यायचं.

शिकवणाऱ्यांनी गाठ सरकती ठेवू दिली, हे उत्तम. वहीत मात्र यरुशलेमच्या बैठकीपुढे ‘इ.स. ४९’ असं ठाम छापलंय. तिथे ‘४८ ते ५०’ हवं. दोन पानांआधी स्वतःच सांगितलेली अनिश्चितता पुढच्या तक्त्यात पुसून टाकली की शिकणाऱ्याला वाटतं, मघाची सगळी सुतळी खेळ म्हणूनच होती.

आता तिसरं सत्र, अंत्युखियाची पंगत.

मजकूर छोटासा आहे, दुसऱ्या अध्यायातली चार वचनं. केफा सिरियातल्या अंत्युखिया शहरात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही जण आले. तसा तो मागे सरला आणि वेगळा राहू लागला. बाकीचे यहूदी विश्वासणारेही त्याच्यामागे गेले, बर्णबासुद्धा. पौलानं सगळ्यांसमोर केफाला तोंडावर विचारलं की तू यहूदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, तर परराष्ट्रीयांना यहूद्यांसारखं राहायला भाग का पाडतोस?

मांडणी अशी. चौघांना चार कार्डं: केफा, बर्णबा, परराष्ट्रीय विश्वासणारा, याकोबाकडून आलेला पाहुणा. पौलाचं कार्ड टेबलावर नाही. ते शिकवणाऱ्यांच्या हातात. मध्ये बारा खाद्यपदार्थांची कार्डं. चार फेऱ्या, प्रत्येकी सात मिनिटं. पहिल्या फेरीत पाहुणा अजून आलेला नाही, तिघांनी मिळून सगळ्यांना चालेल असं ताट लावायचं. दुसरीत पाहुणा येऊन बसतो आणि फक्त बघतो. त्यानं काही बोलायचं नाही, कारण पाहुणे काय बोलले हे पत्रात नाही. तिसरीत केफा उठतो. चौथीत बर्णबानं ठरवायचं. मग शिकवणारे दुसऱ्या अध्यायाचं चौदावं वचन मोठ्यानं वाचतात.

हे सत्र जमतं याचं कारण मराठी माणसाला पंगतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कोण कुणाच्या ओळीत बसतं, कुणाचं ताट वेगळं मांडलं जातं, कुणाला नंतरच्या पंगतीला बसवतात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसाची जागा ठरवत आलंय. त्यामुळे दुसऱ्या फेरीत बहुतेक टेबलं एकच तोडगा काढतात: दोन पंगती करा, ज्याला जे चालतं ते त्यानं खावं, कुणाचं मन दुखायला नको. तोडगा समंजस वाटतो. केफानं नेमकं हेच केलं होतं, आणि पौलाच्या मते सुवार्तेचं सत्य तिथेच मोडलं. परराष्ट्रीयाला ‘सुंता कर’ असं कुणी तोंडानं म्हटलेलं नाही. पण प्रभूच्या नावानं भरणाऱ्या जेवणात शेजारी बसायचं तर सुंता करूनच ये, हा निरोप उठून गेलेल्या माणसानं दिलाच. चौदाव्या वचनातला ‘भाग पाडतोस’ हा शब्द आधी जास्त वाटतो. चौथ्या फेरीनंतर तो नेमका वाटायला लागतो.

खाद्यपदार्थांच्या कार्डांत दोन चुका आहेत, त्या दुरुस्त झाल्याच पाहिजेत. एका कार्डावर सरळ ‘मासे : निषिद्ध’ असं आहे. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाचा नियम तसा नाही. पाण्यातल्या ज्या जिवाला पर आणि खवले आहेत तो चालतो. म्हणजे रावस चालतो, बांगडा चालतो, पापलेट चालतं; कोळंबी, खेकडा, कालवं, माकुल, मुशी चालत नाहीत. ठाण्याच्या मासळीबाजारात एक फेरी मारली तरी हा नियम डोळ्यांसमोर उभा राहतो, त्यामुळे कार्डावर माशांची नावंच छापावीत. दुसरं कार्ड ‘मटण : निषिद्ध’. तेही चूक. रवंथ करणारा आणि दुभंगलेल्या खुराचा प्राणी चालतो, म्हणजे बकरा आणि मेंढा चालतात. डुक्कर चालत नाही, कारण खूर दुभंगलेला असला तरी ते रवंथ करत नाही. बकऱ्याच्या बाबतीत प्रश्न दोन उरतात: रक्त पूर्ण निघालंय का, आणि मांस मूर्तीपुढे अर्पण होऊन बाजारात आलंय का. अंत्युखियासारख्या शहरात दुसरा प्रश्न रोजचा होता. द्राक्षारसाचंही तसंच, ओतण्याआधी त्याचा थेंब कुण्या देवाला वाहिलाय का, हे यजमानाला विचारल्याशिवाय कळायचं नाही.

इथे शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. अंत्युखियातल्या त्या पंगतीत नेमकं काय वाढलं होतं, हे पत्र सांगत नाही. अडचण पदार्थांची असेल, अर्पणाची असेल, किंवा नुसतं सुंता न झालेल्या माणसाशेजारी बसण्याची. कार्डं हे तिन्ही पर्याय उघडे ठेवतात. चुकीची दोन कार्डं मात्र पहिलाच पर्याय गळ्यात मारतात.

याच सत्राला जोडून एक मोठी गैरसोय नोंदवायला हवी. मोशेचं नियमशास्त्र पाळणारा मराठी समाज ठाण्यातच आहे. बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहूदी. शहरातलं शआर हशामाइम सिनेगॉग १८७९ चं आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडलं ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून. आठव्या दिवशी मुलाची सुंता, पर-खवले बघून मासा, मांस आणि दूध एकत्र करायचं नाही म्हणून मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, एलियाहू हानबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं पोह्यांचा मलिदा, हे सगळं मराठी घरांत, मराठी बोलत चालत आलंय. रक्त काढण्याची पद्धतही ठरलेली असते: मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, जाड मीठ लावून तासभर निथळत ठेवायचं, मग तीनदा धुवायचं. मिठाचे हे तपशील नंतरच्या रब्बींच्या (यहूदी धर्मगुरूंच्या) परंपरेतले, पण रक्त न खाण्याची आज्ञा थेट लेवीयातली.

मग नियमशास्त्रावरचा वर्ग शनिवारी दुपारी चार वाजता ठेवायचा म्हणजे ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त शिकता येईल त्यांनाच दार बंद. शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपतो तारे दिसू लागल्यावर. साडेसहाला तो संपलेला नसतो. रविवार दुपारी साडेचार ही वेळ सगळ्यांना जमेल. सकाळच्या उपासना आणि मिस्सा तोवर आटोपलेल्या असतात, आणि वाशी-नेरुळकडून ट्रान्स-हार्बरनं येणाऱ्यांसाठी रविवारचा मेगाब्लॉकही बहुधा चारच्या सुमाराला उठतो. वहीत ‘यहूदी लोक असे नियम पाळत असत’ अशी भूतकाळी वाक्यं जागोजागी आहेत. ती ‘पाळतात’ करावीत. ज्या शहरात हे लोक राहतात त्या शहरातल्या वहीत तरी.

चौथ्या सत्रात शब्दांचा अभ्यास आहे, आणि इथेच वही घसरते. पौल ग्रीकमध्ये म्हणतो की माणूस ‘एर्गा नोमू’नं नीतिमान ठरत नाही. शब्दशः नियमशास्त्राची कृत्ये. वहीनं याला सरसकट ‘कर्मकांड’ म्हटलंय. शब्द ओळखीचा, तोंडात बसणारा, आणि भक्ती विरुद्ध कर्मकांड ही जोडी आपल्याला संतांच्या अभंगांमुळे पाठ. त्यामुळे वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो. त्यातून तीन गोष्टी बिघडतात.

एक, ‘कर्मकांड’ म्हणताच मनात येतो अर्थ हरवलेला, पुरोहितानं लादलेला विधी. सुंतेला यहूदी घरात असा अर्थ नव्हता. इ.स.पू. १६७ च्या सुमाराला ग्रीक राजा अंत्युखस चौथ्यानं सुंतेवर बंदी घातली. मुलांची सुंता केली म्हणून आयांना मारलं, तान्ही बाळं त्यांच्या गळ्यात लटकवली. हे मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसतं, कॅथलिक बायबलमध्ये असतं. वर्गात दोन्ही बाजूंचे लोक बसतात, तेव्हा ते पान सगळ्यांना वाटता आलं असतं. ज्या खुणेसाठी पूर्वजांनी जीव दिला ती खूण ‘आता लागत नाही’ असं कुणी म्हटलं तर घरात काय होईल, हे कळल्याशिवाय पौलाच्या विरोधकांचं म्हणणं कळत नाही. ते हट्टी नव्हते. अब्राहामाशी केलेला करार देवानं ‘सर्वकाळचा’ म्हटलाय, एवढंच ते उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायावर बोट ठेवून सांगत होते.

दोन, नियमशास्त्राची कृत्ये म्हणजे पुण्य साठवून तारण विकत घेण्याची खटपट, असा समज घट्ट होतो. १९७७ मध्ये बायबलचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी त्या काळच्या यहूदी ग्रंथांचा मोठा अभ्यास मांडून हा समज हलवला: यहूदी माणूस करारात असतो तो देवाच्या कृपेनं, नियम पाळतो तो करारात राहण्यासाठी. पुढे जेम्स डन यांनी म्हटलं की पौलाचा रोख मुख्यतः यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्यातली सीमा आखणाऱ्या खुणांवर आहे, म्हणजे सुंता, खाणंपिणं, शब्बाथ आणि सण. मृत समुद्राकाठच्या कुमरानमध्ये प्राचीन यहूदी हस्तलिखितं सापडली, तिथल्या चौथ्या गुहेतलं एक लिखाण १९९४ मध्ये रीतसर छापून आलं. त्यात ‘मिक्सत मआसे हा-तोरा’, म्हणजे ‘नियमशास्त्राच्या काही कृत्यांविषयी’ हाच शब्दप्रयोग आहे, आणि तिथे यादी आहे ती शुद्धाशुद्ध, यज्ञ आणि विधींच्या बारीक नियमांची. सगळे अभ्यासक डन यांच्याशी सहमत नाहीत; पौल नियमशास्त्र म्हणताना सगळंच नियमशास्त्र म्हणतो, असंही पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनावरून ठासून मांडता येतं. पण वाद आहे हे तरी वहीत यायला हवं. एका मराठी शब्दानं तो परस्पर मिटवून टाकलाय.

तीन, पाचव्या आणि सहाव्या अध्यायाचं काय करायचं ते कळेनासं होतं. तोच पौल म्हणतो की प्रीतीनं कार्य करणारा विश्वास हेच महत्त्वाचं. लेवीय एकोणिसाव्यातली ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा उद्धृत करून म्हणतो की सगळं नियमशास्त्र इथे पूर्ण होतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात एका श्वासात म्हणतो की सुंता काही नव्हे, बेसुंताही काही नव्हे, देवाच्या आज्ञा पाळणं हेच काय ते. ‘कर्मकांड’ धरून बसलेल्या वाचकाला हे पौलानं घूमजाव केल्यासारखं वाटतं. सोपा उपाय आहे. ‘नियमशास्त्राची कृत्ये’ हा जड शब्दप्रयोग जसाच्या तसा ठेवावा आणि समासात ‘विशेषतः सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम, की सगळंच?’ असा प्रश्न छापावा.

या सत्रात एक कथा मात्र सुरेख निवडलीय. अदियाबेने या मेसोपोटेमियातल्या छोट्या राज्याचा राजा इझातेस याची, पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस याच्या इतिहासाच्या विसाव्या पुस्तकातली. राजाला यहूदी धर्म स्वीकारायचा होता. हनन्या नावाच्या यहूदी व्यापाऱ्यानं सांगितलं, सुंता न करताही देवाची उपासना करता येते. नंतर गालीलाहून एलाजार आला, राजा नियमशास्त्र वाचत बसलेला पाहून म्हणाला, नुसतं वाचू नकोस, लिहिलंय ते कर. राजानं सुंता करून घेतली. यात ख्रिस्ताचं नाव नाही, पौल नाही. म्हणजे हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीनं यहूदी धर्माला बाहेरून विचारलेला नव्हता. तो यहूदी घरातला आपसातला प्रश्न होता. वर्गातल्या प्रत्येकाला हे आयुष्यभर लक्षात राहावं.

‘पैदागोगोस’ या शब्दावरचा भागही चांगला. नियमशास्त्र ख्रिस्त येईपर्यंत आपलं पैदागोगोस होतं, असं तिसऱ्या अध्यायात आहे. बरेच जण याचं ‘शिक्षक’ करतात. ग्रीक-रोमन घरात पैदागोगोस म्हणजे मुलाला सांभाळून शाळेत नेणारा-आणणारा, वागणुकीवर नजर ठेवणारा गुलाम. शिकवणं त्याचं काम नसे. शिकवणाऱ्यांनी शाळेच्या रिक्षावाल्या काकांचं उदाहरण दिलं. काका कडक असतात, लागतातच, आणि मूल मोठं झालं की त्यांचं काम संपतं, म्हणून काही ते वाईट ठरत नाहीत. उदाहरण बरोबर बसतं. फक्त काका पगारी, पैदागोगोस गुलाम, एवढं जोडून सांगावं. ‘पिस्तिस ख्रिस्तू’ हा ख्रिस्तावरचा विश्वास की ख्रिस्ताचा विश्वासूपणा, या प्रश्नाला दहा मिनिटं दिलीत. तेवढी पुरेत.

पाचव्या सत्रातली प्रेषितांची कृत्ये १५ ची उजळणी नेटकी आहे. परूशी या नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातले काही विश्वासणारे उठून सुंता हवीच म्हणतात, पेत्र बोलतो, याकोब आमोस संदेष्ट्याचं वचन देऊन निकाल सांगतो, आणि यहूदा बर्सबा व सीला यांच्या हाती पत्र जातं. चार गोष्टी वर्ज्य: मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं, जारकर्म. वहीतला तक्ता या चारांपुढे लेवीय १७ आणि १८ मधले, इस्राएलात राहणाऱ्या परक्यांनाही लागू असलेले नियम मांडतो. त्यामुळे ही यादी सटरफटर वाटत नाही. एका पंगतीला बसता यावं म्हणून परक्यानं किमान काय पाळायचं, त्याची ती यादी दिसते. बेझे नावाच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितात ‘गळा दाबून मारलेलं’ गाळून, जे आपल्याला होऊ नये असं वाटतं ते दुसऱ्याला करू नये, असं जोडलंय, हेही सांगितलं. एक मुद्दा निसटला. पौल गलतीकरांत या चार नियमांचा उल्लेख करतच नाही. यरुशलेमच्या ‘आधारस्तंभांनी’, म्हणजे याकोब, केफा आणि योहान यांनी, आपल्याला फक्त गरिबांची आठवण ठेवायला सांगितलं, असं तो लिहितो. हा पेच वर्गात उघडा मांडला असता तर सुतळीवरच्या गाठीचा प्रश्न पुन्हा जिवंत झाला असता. तीताची सुंता करू दिली नाही आणि दुसरा सहकारी तीमथ्य याची केली, हे कोडं मात्र नीट सोडवलंय: तीत ग्रीक, तीमथ्याची आई यहूदी.

सहाव्यात याकोबाचं पत्र. दुसऱ्या अध्यायाचं चोविसावं वचन फळ्यावर: माणूस केवळ विश्वासानं नव्हे तर कृत्यांनी नीतिमान ठरतो. नव्या करारात ‘केवळ विश्वासानं’ हे शब्द एकत्र येतात ते फक्त इथेच, आणि तेही नकारात. रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरनं जर्मन भाषांतरात घातला, ग्रीकमध्ये तो नाही. १५२२ च्या प्रस्तावनेत त्यानं याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं.

तुलनेसाठी अब्राहामाच्या वयाचा हिशेब मांडायला लावतात, हा सगळ्यात उपयोगी भाग. उत्पत्ती १५:६ मध्ये अब्राहामानं विश्वास ठेवला आणि ते त्याच्या नीतिमत्त्वाकडे मोजलं गेलं. १६:१६ मध्ये इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा. सतराव्या अध्यायात सुंता झाली तेव्हा ९९. म्हणजे विश्वास आणि सुंता यांत किमान १३ वर्षांचं अंतर. रोमकरांस चौथ्या अध्यायात पौल याच अंतरावर उभा आहे. इसहाकाला वेदीवर ठेवण्याची कथा बाविसाव्या अध्यायात, म्हणजे त्याहूनही पुढे. याकोब तिथे उभा आहे. दोघेही १५:६ हेच वचन उद्धृत करतात. पौलाचा प्रश्न आत यायला काय लागतं हा, याकोबाचा प्रश्न आत आलेला माणूस उघड्या-उपाशी भावाकडे बघून नुसतं ‘सुखी राहा’ म्हणाला तर काय, हा. याकोबाच्या पत्रात सुंता नाही, खाण्याचे नियम नाहीत. ‘भुतेही विश्वास धरतात’ असं तो म्हणतो तेव्हा विश्वास म्हणजे देव एक आहे हे मान्य असणं, एवढंच. पौलाचा विश्वास म्हणजे स्वतःला सोपवून देणं. शब्द सारखा असूनही अर्थ सारखा नाही, हे या सत्रात फार चांगलं उलगडतं.

शेवटची वीस मिनिटं मात्र धावपळीची. विश्वास आणि कृत्यांच्या याच वादावर कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं दिलेला १५४७ चा निर्णय आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी केलेली संयुक्त घोषणा यांच्यामध्ये फक्त एक चहाचा कप. आणि पहिल्या शतकानंतरची लगेचची पिढी तर गाळूनच टाकलीय. ‘दिदाखे’ ही सुरुवातीच्या मंडळीची शिकवण-पुस्तिका म्हणते, प्रभूचं पूर्ण जू वाहता आलं तर उत्तम, नाहीतर जमेल तेवढं कर. खाण्याचंही झेपेल तेवढं, पण मूर्तींना वाहिलेलं मात्र कटाक्षानं टाळ. दुसऱ्या शतकाच्या मध्यात ख्रिस्ती लेखक जस्टिन त्रिफो या यहूद्याशी बोलताना मान्य करतो की नियमशास्त्र पाळणारा यहूदी ख्रिस्ती माणूस तरेल, फक्त त्यानं इतरांवर सक्ती करू नये. आणि आपल्यातल्या काहींना हेही मान्य नाही, असं तो प्रांजळपणे सांगतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम म्हणाला, अंत्युखियातलं भांडण दोघांनी ठरवून केलेलं नाटक होतं. आफ्रिकेतला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन यानं पत्र लिहून विरोध केला, पवित्र शास्त्रात खोटेपणा मानला तर मग कशावर विसंबायचं? पंगतीची चार फेऱ्यांची कसरत केलेल्या वर्गापुढे ही पत्रं ठेवली तर अख्खं सातवं सत्र होईल. शंभर-दीडशे रुपये जास्त घेऊन ते घ्यावंच.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. बायबल सोबत न्यावं, पण टेबलावर किमान दोन वेगळी भाषांतरं असतील असं बघावं. नावं बदलतात, पौल-पॉल, याकोब-जेम्स, यामुळे पहिल्या तासात गोंधळ होतो. कॅथलिक आवृत्ती एक तरी हवी, मक्काबींसाठी. ग्रीक येत नसेल तरी चालतं, लागणारे सात-आठ शब्द वहीच्या मागे देवनागरीत आहेत. ‘कर्मकांड’ दिसेल तिथे पेन्सिलीनं ‘नियमशास्त्राची कृत्ये’ करून घ्यावं. आमच्या मोजणीत अशा जागा एकोणीस. सभागृहात पंखे मोठ्यानं फिरतात, मागच्या दोन टेबलांवर वाचन नीट ऐकू येत नाही. एखादं सत्र चुकणार असेल तर दुसरं किंवा पाचवं चुकवावं, ती वहीवरून भरून काढता येतात. तिसरं चुकवू नये.

आणि तिसऱ्या सत्राला दहा मिनिटं आधी पोचून बर्णबाचं कार्ड मागून घ्यावं. केफाचं कार्ड सगळेच उचलतात, पण त्याला निदान ‘सुंता झालेल्यांची’ भीती हे कारण पत्रातच दिलंय. बर्णबाला पौल तेही देत नाही; ढोंगात तोही ओढला गेला, एवढंच लिहितो. तीताला घेऊन पौलासोबत यरुशलेमेला गेलेला, परराष्ट्रीयांच्या बाजूनं उभा राहिलेला हा माणूस. कार्डावर त्याच्यासाठी एकच ओळ आहे: केफा उठला आहे. सात मिनिटं.